मातीची मोजणी

सरकारच्या भूमापन खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून, म्हणजे परक्यांच्या जमिनींच्या हद्दी कायम करता करता स्वतःच्या मस्तकावरील केसांची हद्द मागे मागे हटत गेलेली निमूटपणे पाहात, मी यथाकाल सेवानिवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभात मिळालेल्या श्रीफळ, शाल आणि चांदीचा मुलामा दिलेली गणेशमूर्ती या तीन जिनसांपैकी पहिल्या दोहोंची विल्हेवाट आमच्या कुटुंबाने आठ दिवसांच्या आत लावली, आणि तिसरी माझ्या पुढ्यात टेबलावर आणून ठेवीत, "आता रोज असंच बसून राहणार आहात का?" असा दिसण्यात साधा परंतु जबाब देण्यास अवघड प्रश्न केला. जबाब सुचेना म्हणून मी मूर्तीकडे पाहू लागलो. पाहता पाहता जुनी खोड उफाळून आली. खणातून फूटपट्टी काढून मी देवाचे हात मोजले, तो डावा हात उजव्याहून तीन सुतांनी लांब भरला. मग कानांची उंची, सोंडेचे वळण, आसनाचा कल असे एकेक तपासून सहा कलमांचा शेरा मी एका कागदावर लिहून काढला, आणि त्याखाली सवयीने सही ठोकताना मनात आले की ज्याला चूक सापडते त्याला ती दुरुस्तही करता येत असली पाहिजे. सरकारी नोकरीत उभा जन्म काढलेल्या मनुष्याच्या मनात असला विचार यावा हे आश्चर्यच. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात माणसाच्या विवेकाचा भरवसा देता येत नाही.

आमच्याच पेठेत एका जुन्या वाड्याच्या मागल्या चौकात मातीकामाचा एक वर्ग चाले. तो चालविणारे गृहस्थ माझ्या मुलाच्या वयाचे, मूळचे पेणचे, गणपतीच्या कारखान्यात रांगत वाढलेले आणि पुढे मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये रीतसर शिल्पकला शिकलेले होते. ते वयाचा मान राखून मला 'काका' म्हणत, मी विद्येचा मान राखून त्यांना 'सर' म्हणे, आणि या व्यवहारात दोघांपैकी कोणाचेच नुकसान होत नसे. वर्गात दोन कॉलेजकन्यका होत्या, स्थापत्याचा एक विद्यार्थी होता आणि एक दंतवैद्य होते. दंतवैद्यांचा हात आम्हा सर्वांत तयार होता. फक्त त्यांनी केलेल्या प्रत्येक पुतळ्याचे तोंड उघडे असे. भिंतीवर गणपतराव म्हात्र्यांच्या 'मंदिरपथगामिनी'चे छायाचित्र टांगलेले होते. नऊवारी नेसून पूजेस निघालेली ती तरुणी म्हात्र्यांनी १८९६ साली जे. जे. स्कूलचे विद्यार्थी असतानाच घडविली, असे सरांनी सांगितले तेव्हा मला मोठा हुरूप आला. विद्यार्थी मीही होतोच. म्हात्रे त्या वेळी विशीच्या आसपास होते आणि मी अठ्ठावन्न पुरी केली होती, एवढा तपशिलाचा फरक मी मनावर घेतला नाही.

"काय करायचं मनात आहे, काका?" सरांनी विचारले.

"अश्वारूढ शिवाजी महाराज," मी म्हणालो.

सर हसले नाहीत, हा त्यांच्या स्वभावाचा मोठेपणा. "घोड्याचं पुढं बघू," ते म्हणाले, "आधी माती मळा."

माती या विषयात मला कोणी काही शिकवावे, ही कल्पनाच मला प्रथम अपमानास्पद वाटली. काळी, तांबडी, मुरमाड, भुसार, जिरायत, बागायत, पोटखराब असे मातीचे सारे गोत मला तोंडपाठ. जमिनीची प्रतबंदी करताना ढेकूळ नुसते चिमटीत चुरडून तिची प्रत किती आण्यांची हे सांगणारा मी मनुष्य. तेव्हा हौदातल्या त्या पांढुरक्या, भिजत पडलेल्या शाडूत मी मोठ्या अधिकाराने हात घातला आणि चिमटीत घेऊन, "गुजरातची दिसते," असा अभिप्राय दिला. तो बरोबर निघाला, कारण पोत्यावर तसे लिहिलेच होते. परंतु माझ्या अधिकाराची मुदत तेथेच संपली. ही माती भिजवावी लागते, चाळावी लागते, गोणपाटावर पसरून तिचे जास्तीचे पाणी मारावे लागते, आणि मग तळहाताच्या टाचेने रेटून, दुमडून, पुन्हा रेटून अशी मळावी लागते की आत वाऱ्याचा एकही बुडबुडा राहता कामा नये. तयार झाली की नाही हे ठरविण्याची कसोटीही सोपी आहे: करंगळीएवढी वळी वळायची आणि ती बोटाभोवती गुंडाळायची, तडे गेले नाहीत तर माती पास. माझी वळी पहिल्या दिवशी बोटाभोवती अर्ध्यावर येऊन तुटली. दुसऱ्या दिवशीही तुटली. पाचव्या दिवशी माती शाबूत राहिली आणि माझी कंबर तुटली.

तेरच्या गोरोबाकाकांनी चिखल तुडविताना देहभान हरपल्याची कथा लहानपणी ऐकली होती, आणि चिखल तुडविण्यासारख्या कामात भान हरपावे असे काय आहे, हा प्रश्न त्या वयात पडला होता. आता कळले की चिखल तुडविताना भान हरपले नाही तर चिखल तुडविणे केवळ अशक्य होईल. गोरोबाकाकांचे थापटणेही येथे हजर होते. माती ठोकून तिचे सपाट पृष्ठ साधण्यासाठी वापरायची ती लाकडी फळी हातात घेऊन सर जेव्हा माझ्या पाठीमागे येऊन उभे राहात, तेव्हा गोरोबाकाकांनी डोके थापटून कच्चे मडके ठरविलेल्या नामदेवरायांना त्या संतमेळ्यात काय वाटले असेल याची मला यथार्थ कल्पना येई. मडके कच्चे आहे हे मला ठाऊक होते. फक्त ते सर्वांदेखत जाहीर होऊ नये एवढीच इच्छा होती.

दहाव्या दिवशी डोके करण्याची परवानगी मिळाली. सरांनी सांगाड्याचा विषय काढला, तेव्हा मी विनयपूर्वक परंतु ठामपणे कळविले की पुतळा बाहेरून दिसतो, आतून नव्हे. सबब हाडांची तजवीज मागाहून करता येईल. सरांनी हरकत घेतली नाही. पुढे कळले की प्रत्येक विद्यार्थ्याला ते ही चूक एकदा मनसोक्त करू देत. मी पाटावर मातीचा गोळा रचला, त्यावर मान, मानेवर डोके असा मनोरा उभारला, नाकडोळे कोरले, कपाळावर दोन आठ्याही दिल्या आणि समाधानाने घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तो रात्रीतून पुतळ्याने मान टाकली होती. हनुवटी छातीत रुतली होती, गाल खांद्यांवर उतरले होते, आणि एकंदर मुद्रा बढती नाकारल्या गेलेल्या हेडक्लार्कासारखी झाली होती. ती मला इतकी ओळखीची वाटली की मोडताना वाईट वाटले.

तेव्हापासून मी सांगाड्याला शरण गेलो. पाटावर पक्की बसविलेली लोखंडी नळी, तिच्या टोकाला वाकणाऱ्या जाड तारेचे दोन वेढे एकमेकांस छेद देणारे, दिसण्यात उलट्या टांगलेल्या विजेच्या दिव्यासारखे, आणि त्या वेढ्यांतून बारीक तारेने लोंबत सोडलेल्या लाकडी फुल्या, ज्यांना या धंद्यातले लोक फुलपाखरे म्हणतात. मातीचा भार खाली येऊ लागला की ही फुलपाखरे तिला आतून धरून ठेवतात. पण सांगाडा असणे वेगळे आणि तो जागेवर असणे वेगळे. माझ्या दुसऱ्या पुतळ्याच्या डाव्या कानामागून तार बाहेर आली. मी तिच्यावर माती चढविली, तर तो कान उजव्याच्या दुप्पट झाला. उजवा वाढविला, तर डोके लहान दिसू लागले. डोके वाढविले, तेव्हा मानेतून दुसरी तार डोकावली.

"आतली हद्द चुकली, काका," सर शांतपणे म्हणाले, "की बाहेर कितीही सारवा, भांडण मिटत नाही."

चौतीस वर्षे मी हेच वाक्य शेतकऱ्यांना ऐकवीत आलो होतो.

परंतु माझी खरी बेअब्रू झाली ती डोळ्यांपायी. तिसऱ्या खेपेस सांगाडा नीट साधला, माती नीट बसली, आणि मी कपाळाखाली, म्हणजे डोक्याचा वरचा एक तृतीयांश भाग सोडून, दोन डोळे मोठ्या झोकात बसविले. सरांनी दुरून पाहिले, जवळून पाहिले आणि विचारले, "काका, या माणसाचा मेंदू कुठं ठेवायचा?"

"कारकुनाचा पुतळा आहे," मी म्हणालो.

त्यांनी मोजणीचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, उचलला आणि माझ्याच तोंडाला लावला. टाळूपासून डोळ्यांपर्यंत एक माप, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दुसरे. दोन्ही तंतोतंत सारखी! डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. हे विधान ऐकल्यावर वाचकांपैकी बहुतेकांचा हात नकळत स्वतःच्या टाळूकडे जाईल, याची मला खात्री आहे, माझाही गेला. एवढ्याने माझे समाधान होणे शक्य नव्हते. चिमटा घरी आणण्याची मी परवानगी काढली आणि चार दिवस माणसे मोजली. कुटुंबाचा चेहरा पोळी लाटताना मोजला, तेव्हा "वाढू का मोजताय?" असे विचारण्यात आले. दूधवाल्याने मात्र अगदी निमूटपणे मोजू दिले आणि शेवटी, "साहेब, टोपी शिवायची का?" म्हणून आपुलकीने चौकशी केली. निकाल सर्वत्र एकच. डोळे मध्यावर, चेहऱ्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांची आणि दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याची जागा, कानाची वरची कड भुवईच्या पातळीवर, पाळी नाकाच्या बुडाच्या पातळीवर, आणि बाजूने पाहिल्यास सबंध कान डोक्याच्या मध्यरेषेच्या मागे. मी आजवर कान गालांना चिकटवीत होतो, लोट्याला मूठ चिकटवावी तसे.

मनुष्य साठ वर्षे माणसांत वावरतो, रोज आरशात पाहून दाढी करतो आणि तरी त्याला डोळे कोठे आहेत हे ठाऊक नसते, याचे कारण काय असावे, यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, आपण जमीन पाहात नाही, सातबारा वाचतो. समोरचा मनुष्य प्रसन्न आहे की रागावला आहे, पैसे मागण्यास आला आहे की परत देण्यास, एवढा उतारा चेहऱ्यावरून उतरवून घेतला की आपले काम भागते. कपाळाच्या वर जे ओसाड रान पसरले आहे त्यातून आपल्याला काहीच वसूल करायचे नसल्यामुळे ते आपण पोटखराबात दाखल करून मोकळे होतो. मातीपुढे मात्र उतारा चालत नाही. ती प्रत्यक्ष जागेवर मोजणी मागते.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. शिल्पशास्त्रातील तालमान सरांनी मला समजावून दिले, तेव्हा आपण चुकून निराळ्याच खात्यात नोकरी केली असे मला प्रथमच वाटले. मुखाची उंची एक ताल, ताल म्हणजे १२ अंगुळे. त्यांतली ४ कपाळाला, ४ नाकाला, ४ नाकाखालून हनुवटीपर्यंत. मानेला ४, मांडीला २४, गुडघ्याला ४, पोटरीला २४, असे करीत नवताल प्रतिमा १०८ अंगुळांची भरते. हा तर देवांचा आकारबंदच! आणि यातली खरी मौज अशी की हे अंगुळ कोणत्याही कचेरीत शिक्का मारून ठेवलेले नसते. आमच्या खात्याची साखळी ३३ फुटांची. गरीब असो, श्रीमंत असो, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, यात कोणाची दादफिर्याद चालत नसे. मूर्तीची साखळी मात्र मूर्तीच्याच उंचीतून निघते. जितकी मूर्ती, तितके तिचे अंगुळ. देव वीतभर केला काय आणि वीस हात केला काय, त्याच्या नाकावर अन्याय होत नाही.

पाश्चात्त्य रीतीत मनुष्याची उंची त्याच्याच डोक्याच्या साडेसात ते आठ पट धरतात. मी स्वतःची मोजली, ती साडेसहा पट भरली. डोके प्रमाणाबाहेर मोठे आहे, असा याचा मी अर्थ लावला. तर "डोकं मोठं नाही, उंची कमी आहे," अशी दुरुस्ती स्वयंपाकघरातून सुचविण्यात आली.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर हाडामांसाच्या माणसावरून अर्धपुतळा करण्याची वेळ आली आणि मॉडेल म्हणून आमचे मेहुणे, म्हणजे कुटुंबाचे धाकटे बंधू, रविवारी सकाळी दोन तास बसण्यास राजी झाले. ते वकील आहेत. शिल्पकाराने वकिलाला मॉडेल म्हणून कधी घेऊ नये. बोलणाऱ्या माणसाचा जबडा एके जागी राहात नाही, ही एक अडचण. दुसरी अशी की प्रत्येक बैठकीच्या अखेरीस ते उठून पुतळ्याभोवती एक प्रदक्षिणा घालीत आणि, "भाऊजी, नाक जास्त झालंय," अशी लेखी नव्हे पण लेखी असल्यासारखी हरकत नोंदवीत. नाक जास्त नव्हते. मी ते तीन वेळा मोजले होते. आमच्या कुटुंबाच्या माहेरी नाक ही वडिलोपार्जित मिळकत असून तिची वाटणी कोणाच्याही वाट्याला कमी आलेली नाही, हे मी लग्नाच्या आधीपासून पाहात आलो आहे.

सरांनी यावर मला मायकेलअँजेलोची गोष्ट सांगितली. फ्लॉरेन्समध्ये त्याचा 'डेव्हिड' १५०४ साली उभा राहिला, तेव्हा तेथील मुख्य सत्ताधीश सोदेरिनी याने खालून पाहून नाक जाड असल्याचा शेरा मारला. मायकेलअँजेलो मुकाट्याने परांचीवर चढला, चढताना संगमरवराची चिमूटभर भुकटी मुठीत घेतली, छिन्नी नुसतीच हलवीत ती भुकटी हळूहळू खाली सोडली आणि विचारले, "आता पाहा?" सोदेरिनी प्रसन्न झाला. नाक होते तेवढेच राहिले. चरित्रकार व्हसारीने लिहून ठेवलेली ही हकीकत मला इतकी भावली की पुढच्या रविवारी मी कोरणी नाकाजवळ नेऊन, डाव्या मुठीतली सुकी शाडू मोठ्या नजाकतीने खाली सोडली.

"भाऊजी," मेहुणे म्हणाले, "पुतळा ओला आहे आणि माती कोरडी पडली. मुद्देमाल बाहेरून आणलेला दिसतो."

सोदेरिनी वकील नव्हता, हे मायकेलअँजेलोचे नशीब.

दरम्यान पुतळा समोरून मेहुण्यांसारखा दिसू लागला होता, हे सर्वांनी कबूल केले. परंतु फिरत्या पाटाला सरांनी पाव फेरा दिला की डावीकडून तो आमच्या जुन्या कचेरीतल्या एका नाझरसाहेबांसारखा दिसे, उजवीकडून कोणातरी अनोळखी बाईसारखा, आणि मागून तर तो मनुष्य आहे याबद्दलही दोन मते संभवत. मी फक्त समोरची बाजू केली होती. ताम्हनावर मुखवटा ठेवावा तशी. फ्रेंच शिल्पकार रोदँ म्हणे मॉडेलभोवती फिरत फिरत एकामागून एक बाह्यरेषा पाहात जाई आणि मातीत त्याच क्रमाने उतरवी; अशा शेकडो रेषा जुळल्या की मधले मांस आपोआप जागेवर येते. १८७७ साली त्याने एका उभ्या तरुणाचा पुतळा प्रदर्शनात ठेवला, तो इतका हुबेहूब उतरला होता की जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा घेतला असला पाहिजे, असा आळ त्याच्यावर आला आणि तो धुऊन काढण्यास बिचाऱ्याला भारी यातायात पडली. मजवर असा आळ अद्याप कोणी घेतलेला नाही.

मातीच्या पुतळ्याला तहान लागते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी विचार केला असता. काम चालू असेतो तो ओला राहिला पाहिजे. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळायचा, सकाळी सोडायचा, मधून मधून पिचकारीने पाणी मारायचे. रोदँची ही फडकी ओली ठेवण्याचे काम त्याची सहचरी रोझ इमानेइतबारे करी. आमच्याकडे पुतळा शेवटच्या टप्प्यात घरी आणला होता आणि त्यासाठी एक जुने लुगडेही मंजूर झाले होते, पण चार पाहुण्यांदेखत, "माझ्या भावाला पाणी मारलंत का?" असे जेव्हा मोठ्याने विचारले जाई, तेव्हा पाहुण्यांचे चहाचे पेले हवेतच थांबत. पुढे रत्नागिरीस एका लग्नाला जाणे आले. दोन दिवसांचे आठ झाले. परतलो तो मेहुण्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडलेल्या, एक गाल सुटून पाटावर आलेला, आणि आतली तार ठणठणीत. वाळताना माती आकसते आणि तार आकसत नाही, एवढाच या दुर्घटनेचा पंचनामा. तारेवरचा पुतळा भट्टीतही घालता येत नाही, याचे कारणही हेच. भाजायचा तर तो तारेवरून उतरवून, आतून पोकळ करून, सावकाश वाळवून घालावा लागतो, नाहीतर आत दडलेल्या ओलीची वाफ होऊन भट्टीत बार उडतो.

पुतळा पुन्हा ओलसर करून सांधेपर्यंत सरांनी मला वीतभर उंचीची उभी आकृती करण्यास सांगितले. मनुष्य उभा कसा राहतो, हे पाहण्यासाठी मी तीन संध्याकाळी बसथांब्यावर जाऊन बसलो, बस आली तरी उठलो नाही, आणि तिसऱ्या दिवशी तेथील पोलीस शिपायाने माझी चौकशी केली. पण फळ मिळाले. मनुष्य दोन पायांवर उभा राहतच नाही. तो सारा भार एका पायावर टाकतो. त्या बाजूचा कटिभाग वर उचलला जातो, म्हणून त्याच बाजूचा खांदा खाली येतो, आणि पाठीचा कणा त्या दोघांची तडजोड करीत नागमोडी होतो. आपल्या मूर्तिकारांनी यालाच डौल देऊन त्रिभंग केला. ओळंबा गळ्याच्या खळगीपासून सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याशी आला पाहिजे. माझा येईना आणि आकृती दर वेळी तोंडघशी पडे. तेव्हा मी विठ्ठल करण्याची परवानगी मागितली. पाय जुळलेले, हात कटीवर, डावे-उजवे समसमान आणि अठ्ठावीस युगे उभे राहून न पडल्याचा दाखला.

"काका, तो सगळ्यात अवघड," सर म्हणाले. "कुठंच हालचाल नाही आणि तरी जिवंत दिसला पाहिजे."

अर्ज नामंजूर.

त्याच सुमारास सर आम्हा सर्वांना मांडव्याजवळच्या सासवण्याला घेऊन गेले. तेथे विनायकराव करमरकरांच्या घरी त्यांची शिल्पे जपून ठेवलेली आहेत. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला ब्राँझचा अश्वारूढ शिवाजी ज्यांनी घडविला तेच हे करमरकर. तेथली म्हैस पाहून आमच्यातील एका कॉलेजकन्यकेने चार पावले मागे घेतली, यापेक्षा अधिक समीक्षा मला करता येत नाही. मला स्वतःला मात्र निराळ्याच गोष्टीने भरून आले. गावच्या देवळाच्या भिंतीवर लहानग्या विनायकाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनीच पुढे त्याच्या जे. जे. स्कूलमधील शिक्षणाची वाट मोकळी केली. महसूल खात्याचा मनुष्य फिरतीवर असता भिंतीकडे पाहतो, आणि भिंत बेकायदेशीर आहे की नाही याची चौकशी न करता तीवरील चित्र पाहतो! अशी नोंद आमच्या दफ्तरात दुसरी सापडणार नाही.

शेवटी पुतळा साच्यात घालण्याचा दिवस उजाडला. हा प्रकार मोठा क्रूर आहे. डोक्यावरून कानांमागून खांद्यांपर्यंत पितळी पत्र्याच्या पट्ट्या मातीत खोचून डोक्याची फाळणी करतात. मग पुढच्या भागावर पातळ प्लास्टर हाताने शिंतोडतात, आणि या पहिल्या थरात कपड्यांची नीळ घालतात. त्यावर जाड पांढरा थर. तसाच मागचा भाग. प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापते. मेहुण्यांना ताप चढला, असे मी कुटुंबास कळविले. मग साच्याची दोन शकले अलग करून आतली माती खरवडून काढतात, म्हणजे तीन महिने ज्याच्यासाठी रक्त आटविले तो चेहरा आपल्याच हाताने उपसून पुन्हा हौदात टाकायचा. साचा धुवायचा, आत साबण लावायचा, जोडायचा, त्यात पांढरे प्लास्टर ओतायचे, आणि ते पक्के झाल्यावर बोथट छिन्नीने बाहेरचा साचा फोडून काढायचा. निळीचे काम आता सुरू होते. पांढरे उडते आहे तोवर बिनधास्त ठोकावे. निळे दिसले की पुतळ्याची हद्द जवळ आली असे समजून हात आखडावा.

हद्दीची खूण पाहून थांबा, असे मी आयुष्यभर लोकांना बजावले होते. न थांबणाऱ्यांवर कारवाई केली होती. कपाळ सुटले, गाल सुटले, हनुवटी अगदी जशीच्या तशी बाहेर आली. नाकापाशी निळे दिसले. आणखी थोडे निळे उडवावे म्हणून मी एक घाव घातला, तो जरा मोकळ्या मनाने पडला, आणि निळे, पांढरे व नाकाचा शेंडा असे तिन्ही एकदमच खाली आले.

मेहुण्यांना बातमी कळवावी लागली. ते त्याच सायंकाळी आले, पुतळ्याभोवती नेहमीची प्रदक्षिणा घातली, समोर उभे राहून बराच वेळ पाहिले आणि समाधानाने म्हणाले, "शेवटी मान्य केलंत म्हणायचं."

शेंडा मी नंतर प्लास्टरने चिकटविला, सांधा दिसतो. पुतळा दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटावर आहे, कारण जोडे ठेवतो त्या फळीवर तो ठेवण्याची माझी सूचना फेटाळली गेली. यंदा भाऊबीजेला मेहुणे एका खटल्यासाठी नागपुरास अडकून पडले. दुपारपर्यंत वाट पाहून कुटुंबाने पाट मांडला, कपाटावरून पुतळा खाली घेववला, त्याला टोपी घातली, कुंकू लावले आणि ओवाळले. ताटात एकावन्न रुपये मला टाकावे लागले.